चांदीचे अमेरिकन हाफ डॉलर जमवताना: आधी वजन, मग भिंग, पैसे शेवटी

इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की जेवणानंतर कुणीतरी हळूच खिशातून झिपलॉकची पिशवी काढतं. आत सात-आठ चांदीचे हाफ डॉलर. कुणाला शेजारच्या आजीबाईंनी घर विकताना दिलेले, कुणी ऑनलाइन 'लॉट' म्हणून घेतलेले. पिशवीत एकमेकांवर घासून त्यांना चरे पडलेले असतात आणि त्यातले दोन-तीन हमखास आरशासारखे लख्ख. "काळे पडले होते, मी साफ केले," असं आनंदानं सांगितलं जातं. मला फार वाईट वाटतं, कारण चांदीच्या भावावर जी जादा किंमत त्या नाण्यांना मिळाली असती, ती सिंकमध्ये वाहून गेलेली असते.

या छंदातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. आधी खरेदी होते, मग साफसफाई, आणि नाणं नेमकं कोणतं याची चौकशी सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे बरोबर उलट्या क्रमानं लावले आहेत. पहिले चार टप्पे हाताखालून जाईपर्यंत एकही महाग नाणं घेऊ नका.

## तयारी: टेबलावर काय हवं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा लागेल. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो, तो इथे निरुपयोगी. डिजिटल कॅलिपर, पाच ते सात पट मोठं दाखवणारं भिंग, बारीक खुणांसाठी दहा पटीचं दुसरं भिंग, एक बऱ्यापैकी ताकदीचं चुंबक आणि एकाच बल्बचा टेबल लॅम्प घ्या. ट्यूबलाइट नको. तिचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि बारीक चरे लपतात. टेबलावर दुमडलेला जाड टॉवेल अंथरा. नाणं एकदा तरी हातून निसटतंच, ते टॉवेलवर पडलेलं बरं.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. नाणं अंगठा आणि तर्जनीत फक्त कडेनं धरायचं, त्याच्या सपाट बाजूंवर बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन उमटतो आणि मग तो जात नाही. सुती हातमोजे घातले की पकड सुटते, म्हणून मी ते वापरत नाही. नाणं तोंडाजवळ धरून बोलूही नका. थुंकीचा अदृश्य शिंतोडासुद्धा पुढे काळा ठिपका होतो.

## टप्पा १: काय जमवायचं ते आधी ठरवा

'जुने हाफ डॉलर' एवढंच ठरवून बाजारात गेलात तर सहा महिन्यांनी घरात एक पिशवी असेल, संग्रह नसेल. चांदीच्या हाफ डॉलरांत नवशिक्याच्या आवाक्यातले चार छाप आहेत.

बार्बर, १८९२ ते १९१५. समोर डोक्यावर पट्टी आणि पानांचा मुकुट असलेली लिबर्टी.

वॉकिंग लिबर्टी, १९१६ ते १९४७. अडॉल्फ वाइनमन यांनी घडवलेली, उगवत्या सूर्याच्या दिशेनं चालणारी लिबर्टी.

फ्रँकलिन, १९४८ ते १९६३. समोर बेंजामिन फ्रँकलिन, मागे लिबर्टी बेल आणि तिच्या बाजूला छोटासा गरुड.

केनेडी, १९६४ पासून. यात रोजच्या वापरासाठी पाडलेलं फक्त १९६४ चं नाणं ९० टक्के चांदीचं. १९६५ ते १९७० ची ४० टक्क्यांची. १९७१ पासून रोजच्या वापरातल्या नाण्यात चांदी अजिबात नाही.

पहिल्या वर्षासाठी दोनच वाटा सुचवेन. एक, नमुना संग्रह: वरच्या प्रत्येक छापाचं एक आणि ४० टक्केवाल्या केनेडीचं एक, अशी पाच नाणी. दुसरी, फ्रँकलिनचा पूर्ण संच. साल आणि टांकसाळ धरून तो ३५ नाण्यांचा होतो, आणि त्यात एकही नाणं घर गहाण टाकायला लावणारं नाही. सर्वांत कमी पाडलेलं १९५५ चं नाणंसुद्धा जवळपास २५ लाख निघालं होतं.

वॉकिंग लिबर्टीचं रूप पाहून सगळ्यांना तोच संच हवासा वाटतो. मलाही सगळ्यांत तोच आवडतो. पण पूर्ण संच ६५ नाण्यांचा आहे आणि त्यात १९२१ ची तीन नाणी आहेत: फिलाडेल्फियाची २,४६,०००, डेन्व्हरची २,०८,०००, सॅन फ्रान्सिस्कोची ५,४८,०००. साध्या झिजलेल्या अवस्थेतही ती महाग. म्हणून १९४१ ते १९४७ या वर्षांचा २० नाण्यांचा छोटा संच करा. रूप तेच, खर्च झेपणारा.

सावध: 'कमी पाडलं म्हणजे महाग' हे समीकरण डोळे मिटून वापरू नका. १९५५ चं फ्रँकलिन लोकांनी तेव्हाच साठवून ठेवलं, म्हणून ते आज सहज मिळतं. उलट १९५३ चं सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं ४१ लाखांवर निघालं, पण त्यावरच्या बेलच्या खालच्या रेघा पूर्ण उमटलेलं नाणं मिळणं अतिशय अवघड. १९२१ च्या तिघांतही न वापरलेल्या अवस्थेत सर्वांत महाग आहे ते सॅन फ्रान्सिस्कोचं, म्हणजे तिघांत सर्वांत जास्त पाडलेलं. किती पाडली यापेक्षा चांगल्या अवस्थेत किती उरली, हा प्रश्न विचारा.

## टप्पा २: साल आणि टांकसाळीची खूण वाचायला शिका

डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, बार्बरवर ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स. खूण नसली तर फिलाडेल्फिया (१९६५ ते ६७ या वर्षांत मात्र कुठल्याच टांकसाळीची खूण नाही). खूण कुठे शोधायची ते छापागणिक बदलतं.

बार्बरवर मागच्या बाजूला, गरुडाच्या शेपटीखाली. वॉकिंग लिबर्टीवर मागच्या बाजूला खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात त्या जागी. पण १९१६ मध्ये आणि १९१७ च्या काही नाण्यांवर ती पुढच्या बाजूला बोधवाक्याखाली आहे, त्यामुळे १९१७ ची डी आणि एस ही दोन्ही नाणी प्रत्येकी दोन प्रकारची मिळतात. फ्रँकलिनवर मागे, बेल जिला टांगली आहे त्या आडव्या लाकडाच्या वर. केनेडीवर १९६४ मध्ये मागे, १९६८ पासून पुढे सालाच्या वर.

तपासून घ्या: वॉकिंग लिबर्टी १९२२, १९२४, १९२५, १९२६, १९३०, १९३१ आणि १९३२ या वर्षांत पाडलीच गेली नाही. १९२२ ते १९३३ या काळात फिलाडेल्फियानंही हे नाणं पाडलं नाही. तेव्हा या काळातलं साल आहे आणि खूण नाही असं नाणं कुणी पुढे केलं, तर वजनकाटा काढायचीही गरज नाही. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बनावट नाणी विकणारे सालांच्या बाबतीत बेफिकीर असतात.

१९३८ चं डेन्व्हरचं नाणं फक्त ४,९१,६०० पाडलं, फिलाडेल्फियाचं मात्र मुबलक. म्हणून साध्या १९३८ वर डी चिकटवून विकायचे प्रकार होतात. दहा पटीच्या भिंगातून त्या अक्षराचा पाया बघा. खरं अक्षर पृष्ठभागातून वर आलेलं दिसतं, चिकटवलेल्याच्या भोवती बारीक फट किंवा रंगाचा फरक असतो.

## टप्पा ३: धातू तपासा

९० टक्के चांदीच्या हाफ डॉलरचं वजन १२.५० ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर. आपल्याकडचा राणीछाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. तो हातात घेतलेला असेल तर हे नाणं किंचित जड आणि अंमळ जाड लागेल. शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम, म्हणजे ०.३६१७ ट्रॉय औंस. १९६५ ते १९७० चं नाणं ११.५० ग्रॅम, त्यात चांदी ४.६० ग्रॅम. १९७१ नंतरचं ११.३४ ग्रॅम, चांदी शून्य.

तपासणी या क्रमानं करा:

१. कड बघा. ९० टक्के चांदीची कड सगळीकडून एकसारखी पांढुरकी. १९७१ नंतरच्या नाण्याच्या कडेवर तांब्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. ४० टक्केवाल्याची कड राखाडी, त्यात तांबूस झाक.

२. वजन करा. काटा शून्यावर आणून तीनदा मोजा. झिजलेलं नाणं १२.२, १२.० किंवा त्याहूनही खाली भरेल, ते ठीक. झिजेनं वजन कमी होतं, वाढत कधीच नाही. १२.७५ च्या वर काटा गेला तर नाणं बाजूला ठेवा.

३. कॅलिपरनं व्यास मोजा. जबडे अलगद लावा, दाबून नाही.

४. चुंबक लावा. चिकटलं तर विषय संपला. न चिकटल्यानं एवढंच कळतं की आत लोखंड नाही. पितळ-तांब्याची बनावट नाणीही चिकटत नाहीत.

५. शंका उरली तर पाण्यातलं वजन. लोक हे टाळतात, पण घरच्या घरी याच्याइतकी भरवशाची परीक्षा दुसरी नाही.

काचेच्या छोट्या पेल्यात बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. शिवणाच्या बारीक दोऱ्याचा फास करून नाणं त्यात अडकवा. दोरा हातात धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलकेच हलवून सोडवा. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. १२.५० ग्रॅमच्या नाण्याला तो साधारण १.२१ यायला हवा. नाण्याचं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता: ९० टक्के चांदीला १०.३ च्या आसपास, ४० टक्केवाल्याला साडेनऊच्या आसपास. पितळेचं बनावट नाणं साडेआठच्या आसपासच अडकतं. पहिल्या दोन-तीन वेळा हात थरथरून आकडा नाचतो. दोरा एखाद्या आडव्या पेन्सिलीला बांधून पेन्सिल पुस्तकांच्या दोन चळतींवर टेकवली की तो स्थिर होतो.

सावध: ही परीक्षा फक्त वापरलेल्या, झिजलेल्या नाण्यांवर करा. न वापरलेल्या चकचकीत नाण्याला दोरा घासूनही चरा पडतो. नंतर नाणं मऊ सुती कापडावर ठेवून वरून कापड टेकवत पाणी टिपा. पुसू नका.

## टप्पा ४: पृष्ठभाग वाचा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. नाण्याची किंमत इथे ठरते.

लॅम्प लावा, नाणं उजेडाखाली धरा आणि मनगट सावकाश फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे दोन-तीन पट्टे उमटतात आणि नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. टांकसाळीत छाप मारताना धातू बाहेरच्या दिशेला सरकतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म रेषा राहतात. उजेड त्यांवरून परावर्तित होऊन हे आरे दिसतात. या झळाळीला नजर सरावली की निम्मं शिक्षण झालं. त्यासाठी दर्जा ठरवणाऱ्या (ग्रेडिंग) कंपनीच्या डबीत बंद असलेलं, न वापरलेलं १९६३ चं स्वस्त फ्रँकलिन एकदा विकत घ्या आणि रोज दोन मिनिटं फिरवून बघा. पुस्तकातल्या फोटोवरून हे येत नाही.

आता झीज. ती उंच भागांवर आधी दिसते. वॉकिंग लिबर्टीवर बाईचं डोकं, छाती, शरीरासमोर आलेला डावा हात आणि पायावरची वस्त्राची घडी. मागे गरुडाची छाती आणि पाय. फ्रँकलिनवर गाल, खांदा आणि कानाजवळचे केस. बार्बरवर थेट डोक्यावरच्या पट्टीतला 'लिबर्टी' हा शब्द वाचा. सातही अक्षरं दिसत असतील तर नाणं 'फाइन' किंवा वर, तीन-चारच असतील तर 'व्हेरी गुड', एकही नसेल तर त्याखाली.

इथे एक फसगत नेहमी होते. वॉकिंग लिबर्टीची कित्येक नाणी टांकसाळीतूनच मधोमध पुसट निघाली आहेत: डाव्या हाताचा अंगठा सपाट, डोक्यावर तपशील नाही. नवशिका त्याला झीज समजतो. परीक्षा सोपी आहे. पुसट जागेवरून उजेड फिरवा. झळाळीचा आरा त्या जागेवरूनही न तुटता जात असेल तर छाप कमी बसला आहे. तिथे आल्यावर आरा मालवत असेल आणि जागा मंद राखाडी दिसत असेल तर ती झीज.

दर्जा १ ते ७० या श्रेणीत सांगतात. ४ म्हणजे 'गुड', १२ 'फाइन', २० 'व्हेरी फाइन', ४० 'एक्स्ट्रीमली फाइन', ५० पासून 'जवळपास न वापरलेलं', ६० ते ७० न वापरलेलं. नवशिक्यानं आपल्या अंदाजातून एक पायरी कमी धरून पैसे मोजावेत. आपल्या हातातलं नाणं प्रत्येकालाच चांगलं वाटतं.

### साफ केलेलं नाणं ओळखणं

भिंगातून मोकळी जागा बघा. एकाच दिशेनं जाणाऱ्या केसासारख्या असंख्य रेघा दिसल्या तर ते कापडानं किंवा पावडरीनं घासलेलं आहे. मोकळी जागा लख्ख पण अक्षरांच्या कोपऱ्यात काळं उरलेलं, हीही खूण. आणि फिरवल्यावर आरे न दिसता कुठूनही सारखंच चकाकणारं नाणं जवळजवळ नक्की साफ केलेलं असतं.

आपल्या घरांत चांदी काळी दिसली की हात शिवशिवतात. दिवाळीआधी निरांजन, तबक, कुंकवाचा करंडा, सगळं चिंचेनं किंवा रांगोळीनं घासून काढायचं, हे आपण लहानपणापासून बघितलंय. माझी आई इथे राहायला आली होती तेव्हा तिनं देवाच्या भांड्यांबरोबर माझी टेबलावरची दोन नाणीही अशीच प्रेमानं लख्ख करून ठेवली. त्यातलं एक १९१७ चं होतं, पुढच्या बाजूला एस असलेलं. चूक माझी होती. मी ते उघड्यावर ठेवलं होतं. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच सांगतो: देवाची चांदी वापराची आहे, ती घासायची. नाण्याची चांदी बघायची आहे, तिला हात लावायचा नाही.

काळपट थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग. तो घासून काढताना वरच्या सूक्ष्म रेषाही जातात आणि त्या परत येत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या 'डिप' द्रावणानंही चांदीचा पातळ थर विरघळतो. म्हणून पितांबरी, टूथपेस्ट, खायचा सोडा, लिंबू, ॲल्युमिनियम फॉइलचा उपाय, यांतलं काहीही नको.

अपवाद दोनच. मोकळी धूळ-माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही तास बुडवून ठेवा आणि वर सांगितल्यासारखं टिपून घ्या. हिरवट चिकट थर असेल, जो मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून येतो, तर शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात रंग आणि सुगंध असतात. काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळ ज्योत नाही. पाच मिनिटं बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढा, हवेत वाळू द्या. कापूस नाही, ब्रश नाही, बोट नाही.

## टप्पा ५: भावाचा हिशेब, मग खरेदी

प्रत्येक खरेदीआधी चांदीची किंमत काढा. समजा त्या दिवशी चांदी औंसाला ३० डॉलर आहे. ९० टक्केवाल्यात ०.३६१७ गुणिले ३० म्हणजे १०.८५ डॉलरची चांदी. ४० टक्केवाल्यात ०.१४७९ गुणिले ३०, सुमारे ४.४४. हा औंस ट्रॉय, ३१.१ ग्रॅमचा. किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा औंस धरून लोक हिशेब चुकवतात. झिजलेल्या मालाचा भाव लावताना डीलर थोडी कमी चांदी धरतात: एका डॉलरच्या दर्शनी किमतीला ०.७२३४ ऐवजी ०.७१५ औंस. ती फसवणूक नाही, झिजेची वजावट आहे.

आता विचारा: याहून जास्त पैसे मी कशासाठी देतोय? दुर्मिळ सालासाठी, दर्जासाठी, की विक्रेत्याच्या गोष्टीसाठी? झिजलेलं १९६४ चं केनेडी किंवा १९४३ चं वॉकिंग लिबर्टी चांदीच्या भावाच्या फार वर जायला नको. टांकसाळीच्या संचातूनच आलेलं १९७० चं डेन्व्हरचं नाणं, २१,५०,००० पाडलेलं, हे ४० टक्केवाल्यांतलं चांदीच्या भावापलीकडे जाणारं नाणं.

कुठून घ्यावं? माझा क्रम असा: गावातलं नाण्यांचं दुकान, मग नाण्यांचं प्रदर्शन, मग परत घ्यायची हमी देणारे ऑनलाइन डीलर, आणि सगळ्यात शेवटी अनोळखी विक्रेत्याचा लिलाव. प्रदर्शनात नाणं हातात घेण्याआधी विचारा, आणि डीलरच्या मखमली ट्रेवरच धरा. दोन-तीन टेबलं फिरून तेच साल तीन ठिकाणी बघा. पहिल्या टेबलावरच पाकीट उघडू नका. भाव विचारताना "तुमचा शेवटचा भाव काय?" एवढं विचारणं इथे रीतीला धरून आहे. नाण्याला नावं ठेवून भाव पाडायला गेलात तर पुढच्या वेळी चांगलं नाणं दाखवणार नाहीत.

बँकेतूनही मिळतात. हाफ डॉलरची गुंडाळी २० नाण्यांची, १० डॉलरला. ५० गुंडाळ्यांचा खोका ५०० डॉलरला. टेलरला सांगून मागवावा लागतो. कडा बघत जायचं, पांढरी कड दिसली की बाजूला. बहुतेक खोके रिकामे जातात, पण ४० टक्केवालं नाणं अजूनही अधूनमधून सापडतं आणि उरलेले पैसे दर्शनी किमतीत परत जातात. मुलांना घेऊन बसायला यासारखं काम नाही. एक पथ्य पाळा: ज्या बँकेतून आणता तिथेच परत नेऊन ओतू नका, नाहीतर तीच नाणी फिरून तुमच्याकडे येतील.

सावध: 'न तपासलेली जुनी गुंडाळी', जिच्या टोकाला एक सुंदर बार्बर डोकावतंय, ती शोभेसाठी बांधलेली असते. आतली नाणी कुणीतरी बघितलेलीच आहेत. तसंच चांदीच्या भावाच्या खाली विकणारा अनोळखी माणूस दानधर्म करत नसतो. 'कॉपी' असा शिक्का अमेरिकेच्या कायद्यानं नकली नाण्यावर बंधनकारक आहे, पण परदेशातून स्वस्तात येणाऱ्या मालावर तो बहुतेकदा नसतो.

## टप्पा ६: डबीतलं नाणं

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या नाणं तपासून, दर्जा देऊन सीलबंद डबीत देतात. दुर्मिळ साल असेल, १९२१ चं किंवा १९३८-डी, तर ते अशा डबीतच घ्या. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. क्रमांक जुळला एवढ्यावर थांबू नका, कारण बनावट डब्यांवर खरेच क्रमांक छापतात. साइटवर फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी ताडून बघा: काळपटपणाची नक्षी, एखादा खळगा, सालाजवळचा चरा.

लेबलवर आकड्याऐवजी 'डिटेल्स' लिहिलेलं असेल तर नाणं खरं, पण साफ केलेलं किंवा इजा झालेलं आहे. ते त्याच दर्जाच्या निर्दोष नाण्याच्या भावानं घेऊ नका. स्वतःची नाणी पाठवायची घाई मात्र नको. फी, जाता-येताचं टपाल आणि विमा मिळून साध्या १९४५ च्या नाण्याच्या किमतीवर खर्च जातो.

## टप्पा ७: ठेवणं

मऊ, वाकणारं, नव्या पावसाळी चपलेसारखा वास येणारं प्लास्टिक पाकीट आणलेल्या दिवशीच बदला. हिरवा थर त्यातूनच येतो. साध्या नाण्यांसाठी मायलरची (पातळ पारदर्शक फिल्मची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन, हाफ डॉलरच्या मापाचे. बऱ्या नाण्यांसाठी कडक प्लास्टिकच्या मापाच्या डब्या.

चौकोनाला स्टेपल मारल्यावर पक्कडीनं पिना दाबून सपाट करा. नाहीतर एका चौकोनाची पिन शेजारच्याची खिडकी फाडते. आणि नाणं बाहेर काढताना चौकोन ओढून उघडू नका. मी एकदा घाईत ओढला, पिनेचं टोक लिबर्टीच्या वस्त्रावरून आडवं गेलं, आणि १९४२ चं ते नाणं आता एका चऱ्यासकट माझ्याकडे आहे. कात्रीनं चारही बाजूंनी पुठ्ठा कापा, पिना आधी दूर करा, मग नाणं.

खोका तळघरात नको, माळ्यावर नको, स्वयंपाकघराजवळही नको. बेडरूममधलं कपाट चांगलं. रबरबँड, लोकर आणि तपकिरी कागदी पाकिटं यांत गंधक असतं, ती दूर ठेवा. सिलिका जेलची पुडी ठेवली तर दर काही महिन्यांनी बदला.

## टप्पा ८: नोंद

नाणं घरात आलं त्याच दिवशी वहीत किंवा एक्सेलमध्ये: साल, टांकसाळ, वजन, तुमच्या अंदाजानं दर्जा, विक्रेता, तारीख, दिलेली किंमत, त्या दिवशीचा चांदीचा भाव, दोन्ही बाजूंचा फोटो. पावती त्याच क्रमांकानं फाइलला लावा. अमेरिकेत नाणी 'कलेक्टिबल' धरली जातात आणि वर्षाहून जास्त काळ ठेवून नफ्यात विकली तर त्या नफ्यावर कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. खरेदीची पावती नसेल तर नफा किती हे सिद्ध करणंच अवघड.

घराच्या नेहमीच्या विम्यात नाण्यांसाठी फार थोडी मर्यादा असते. पॉलिसी काढून ते वाक्य शोधा, गरज वाटली तर वेगळं संरक्षण घ्या. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना ठेवींसारखं सरकारी विम्याचं कवच नसतं, हेही लक्षात असू द्या.

नोंदीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. तिच्या वर दोन ओळी ठळक लिहा: यातली नाणी घासू नयेत, आणि पहिल्या माणसानं सांगितलेल्या भावाला विकू नयेत, किमान तीन ठिकाणी विचारावं.